ज्याचं अडत नाही ते

...अन् हेडमास्तर मलेच म्हणते, "मार्तंडराव, मुलांना विषय सगळेच शिकवतात, वेळ सांभाळायला कोण शिकवणार?" आता तुमाले सांगतो, मी भूगोलाचा मास्तर, मले काहून हे झंझट? पण अकरावीचं, मॅट्रिकचं वर्ष, मागच्या साली अर्धा वर्ग आपटलेला, म्हणून घेतला शनिवारचा जादा तास. सांगा बा, माझं काय चुकलं?

समजावून सांगतलं, रोजची सारी कामं डोळ्यासमोर मांडा, अवघड ते आधी करा, अन् ज्याचं तुमच्यावाचून अडत नाही ते बेधडक सोडून द्या. तर एक म्हणे, "सर, मी आजपासून आंघोळ सोडून राहिलो." दुसरा म्हणे, कोराडीची बसच टायमावर येत नाही, आधी तिले शिकवा... हसले सारे, मीही हसलो. एक चारुशीला तेवढी हसली नाही. कामठीहून येणारी, वर्गात पहिली, बोर्डात नाव काढन अशी मले पक्की आशा... ती आपली खाली मान घालून विचार करून राहिली. मले वाटलं, चला, एकीले तरी समजलं.

अन् सोमवारपासून पोरगी गायब! परीक्षा तोंडावर, जीव राहते काय? गेलो कामठीले. माय, भीमाबाई, अर्धांगानं खाटेवर पडलेली, बाप पॉवरलूमवर, धाकटी दोघं भुकेनं रडून राहिली, अन् ही एका हातानं त्यायले थोपटते, दुसऱ्या हातानं मागासाठी सुताच्या कांड्या भरते. म्हटलं, "काहून वं, शाळा काहून सोडली?"

तिनं आधी मले पाणी देलं. मंग म्हणे, "सर, तुम्ही सांगतलं तसंच केलं. सारी कामं मांडली. मायचं माझ्यावाचून अडते, या दोघायचं अडते, मागाचं अडते. शाळेचं काही अडत नाही."

म्हटलं, "माझं अडते ना वं, पोरी."

"तुमचा वर्ग मोठा आहे, सर," म्हणे, अन् पुन्हा कांडी भराले बसली.

परत आलो तर हेडमास्तर दारातच उभे. "काय मार्तंडराव, पडला का काही फरक?" म्हटलं, पडला ना साहेब. एकीनं ऐकलं माझं. बाकीच्यायनं नाही ऐकलं, म्हणून ते तेवढे शाळेत येऊन राहिले.