नवीन काही निघत नाही

गप्प बसून ऐकायचं कसं, हे शिकायला मी दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून दोन बस बदलून गुडगावच्या हॉटेलात जायचे, यार. तिथले टॉवर तेव्हा नुकते उभे राहत होते. आरोग्याच्या अभ्यासासाठी मुलाखती कशा घ्यायच्या, याचं ट्रेनिंग. आमचे सर पुण्याचे. तीन दिवस ते एकटेच बोलले. "बाईला बोलू द्या. उत्तर तिच्या तोंडात घालू नका. नवीन काही निघेनासं झालं, की थांबा."

चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला टॉवरमागे मजुरांच्या झोपड्यांत नेलं. विषय होता मुलांचे जुलाब. सरांनी पहिल्या बाईला विचारलं, "पानी उबालकर पीती हो ना?"

"हाँ जी."

"साबुन से हाथ धोती हो ना?"

"हाँ जी."

अशा नऊ बायका झाल्या. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? सगळ्यांचं उत्तर एकच. नवीन काही निघत नाही. थांबू या." आणि गाडीत जाऊन बसले.

मी मागे रेंगाळले. नवव्या बाईला विचारलं, "सच में उबालती हो?"

"पानी तो परसों से आया ही नहीं, दीदी. पहली वाली ने बताया था, हाँ जी बोलो तो साहब जल्दी उठ जाते हैं."

ट्रेनिंग आम्हाला मिळालं आणि सर्टिफिकेटही. अभ्यास मात्र त्या बायकांनी केला, सरांचा, आणि तोही पहिल्याच मुलाखतीत.