ओव्हनचे दार कोणी बसवले याबाबत

जबाब, दि. १२/०४/२०१७

मी, मयुरा हितेश चुरी, वय ३४ वर्षे, धंदा घरकाम व घरगुती नानकटाई-केक बनवणे, राहणार मसोली, ता. डहाणू, जि. पालघर.

समक्ष, कोणी न बोलावता, पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर पती हितेश व सासू रखमाबाई यांच्यासह राहते. आमची चिकूची वाडी आहे. घरात जुना गॅसचा ओव्हन असून त्याचे लोखंडी दार लोंबत होते, आतली धग टिकत नव्हती. म्हणून काल सकाळी कासा येथील शेगडी दुरुस्ती करणारे सुनिल हाल्या वरठा यांना बोलावले.

ते आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "दार काढून मागच्या अंगणात दे त्याला. स्वयंपाकघरात देव आहेत." दार मी काढून दिले. त्यांनी अंगणात बसून दोन्ही बिजागऱ्या बदलल्या. नंतर उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "ताई, मी आत येऊन बसवतो. खटका नीट पडला नाही तर दार निसटेल."

मी म्हटले, "तुम्ही तिथूनच सांगा, मी बसवते."

ते सांगत गेले. डाव्या बाजूचा खटका पडल्याचा आवाज आला. उजवा पडला की नाही हे मी पाहिले नाही. "दोन्ही पडले ना, ताई?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. त्यांना अंगणात चहा दिला. कप वेगळा होता. हे मला विचारलेले नाही, मी सांगत आहे.

ओव्हन तापल्यावर सासूबाई ट्रे ठेवण्यास वाकल्या, तेव्हा दार निखळून त्यांच्या पायावर पडले. त्या किंचाळल्या. सुनिल अंगणातून धावत आले. त्या वेळी मी ओरडले, "अरे, आत येऊ नकोस!" दुसरे काही ओरडले नाही. ते थांबले नाहीत. तापलेले दार त्यांनी उघड्या हातांनी उचलून बाजूला केले व गॅस बंद केला. जाड हातमोजे माझ्या हातात होते.

पती त्या वेळी वाडीत होते. त्यांनी सायंकाळी सुनिल यांच्याविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार दिली. त्याआधी मी त्यांना खरे सांगितले होते. ते म्हणाले, "आई झोपून आहे. आता हे बोलू नकोस."

आज ठाण्यात आले तेव्हा सुनिल बाकावर बसले होते. मला पाहून उभे राहिले. "आजीचा पाय कसा आहे?" असे विचारले. मी "बरा आहे" म्हटले. त्यांच्या हातांचे मी विचारले नाही.

दार मी बसवले होते. सुनिल यांची काही चूक नाही. त्यांना घरी जाऊ द्यावे.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, मी बोलले तसेच आहे. सुनिल यांच्या जबाबावर सही नाही. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या असल्याने त्यांना पेन धरता आले नाही, असे हवालदारांनी सांगितले. माझी सही मी केली आहे.