डोळे उघडे ठेवणारा

—न्हाई, न्हाई, तुझ्या पोरीच्या डाव्या पायाला चार नंबर, उजव्याला पाच लागंल, विश्वजित. घोट्यात प्लेट बसवल्यावर पाय थोडा जाडच राहतो, वर्ष झालं तरी. मी दोन जोड फोडतो आणि एकेक बूट देतो तुला. उरलेले? राहतील फळीवर. इस्लामपुरात बत्तीस वर्षं चपला-बूट विकतोय, एकदा एका रिटायर सुभेदाराला एकच बूट विकला होता—डावा पाय त्यो सीमेवर ठेवून आलता—जाताना म्हणला, "बाळासो, दुसरा सांभाळा, उजवा पाय गेलेला कुणीतरी येईलच." अजून हाय वर. कुणी आलं न्हाई. रेश्माला आत बोलव की, घालून बघंल. गाडीवरच बसती म्हणती? बरं. बसू दे.

कॅम्प दिवाळीच्या सुट्टीतच न्हवं? पाटणच्या बाजूलाच, कोयनेकाठी तंबू? मी न्हाई येत यंदा. चर्चच्या पाळकांना सांगितलंय, गुडघे दुखतात म्हणून. आरं, बावीस वर्षं चाललो मंडळीच्या पोरांच्या मागनं, शेवटचा माणूस म्हणून—कुणाचा बूट चावतोय, कुणाला उलटी होती, कुणी पाठीवर घ्या म्हणतंय—तूच न्हाई का सोळाव्या वर्षी माकडाला बघून बसकण मारली होतीस? हसतोस काय, खांद्याला धरून उतरवलाय तुला. काय म्हणालास? मी मागं असलो तरच तिला धाडणार? का बरं? मी मोजतो म्हणून. व्हय. मोजतो खरा.

ते मोजणं कसं असतं, सांगतो. पोरं एका जागी कवा उभी राहतात? प्रार्थनेला. तेवढी दोन मिनिटं. मग जुन्या पाळकांनी पहिल्याच वर्षी मला बाजूला घेऊन सांगितलं, सगळे डोळे मिटतील, तुमी मिटायचे न्हाईत, तुमी डोकी मोजायची—देव समजून घेईल. तवापासनं कॅम्पवर माझी एक प्रार्थना डोळं मिटून झाली न्हाई. लय बघितलं गड्या त्यात. पाळक पाठ खाजवत आशीर्वाद मागतात. तू आवळा खायचास, आमेनच्या आत बी थुंकायचास. आमेन झालं की पाळक माझ्याकडं बघणार, मी आकडा सांगणार, मग उतरायचं. बायको म्हणायची, सगळी मंडळी देवाकडं बघती आणि माझा नवरा मंडळीकडं. बनुबाईच नाव तिचं, पण मी बनू म्हणायचो.

गेल्या साली ती जाऊन तीन महिने झाले होते. दातेगडावर, त्या तलवारीसारख्या विहिरीच्या वरच्या अंगाला, उन्हात प्रार्थना. एकोणचाळीस पोरं. नवे पाळक, भला माणूस, मला न सांगताच त्यांनी तिचं नाव घेतलं—आमची भगिनी बनुबाई, जी दरवर्षी या पोरांसाठी चिवडा करून धाडायची. एवढंच. रडलो बिडलो न्हाई मी. काही वाटलंबी न्हाई. नुसते डोळे मिटले. उघडले तवा आमेन झालं होतं आणि पाळक माझ्याकडं बघत होते. तोंडानं सांगितलं, एकोणचाळीस, पूर्ण. बावीस वर्षांची सवय, तोंडाला कोण अडवणार?

तंबूत उप्पीट वाढलं, तवा एक ताट उरलं. पुढचं तुला ठाऊक हाय. धनगराच्या बाईनं हाका ऐकल्या, ऊन उतरायच्या आत पोरगी वर काढली. विहिरीच्या चार पायऱ्या खाली पडली होती, वर सगळे गात होते, तिचा आवाज कुणाला जाणार?

काय बघतोस असा? नाडी लांब वाटती? बदलून देतो.

व्हय, तेच सांगतोय. मोजलं न्हवतं.

तिनं दवाखान्यात काय सांगितलं तुला? मी प्रार्थनेला न्हवतेच, आधीच पडले होते. आणि तू म्हणालास, काकांनी मोजली तवा सगळी होती, म्हंजे तू नंतर पळालीस आणि वर खोटं बोलतीस. कानाखाली मारलीस. मी थर्मास घेऊन तिथंच उभा होतो, चहा निवतोय का बघत. मग मंडळीपुढं तिला कुबड्यांवर उभी करून माफी मागायला लावली, तवा मी तिसऱ्या बाकावर होतो. डोळे उघडे. ती एकदाच माझ्याकडं बघून खाली बसली. म्हणून ती आत येत न्हाई, विश्वजित. तुला वाटलं असंल, लाजती.

बारा महिने सांगणार होतो. रोज शटर उघडताना म्हणायचो, आज. आज तूच आलास, आणि म्हणालास, काका मागं असतील तर भ्या न्हाई.

बस की. न्हाई बसत? बरं. बूट राहू देत, हितंच ठेवतो, चार आणि पाच, कुणाला देत न्हाई. गाडीला किल्ली लावायच्या आधी तिला सांग. घरी गेल्यावर न्हाई, आधी. आणि मंडळीत कवा उभा राहू ते पाळकांना विचारून कळव, मी येतो. गुडघ्यांना काही झालेलं न्हाई.

जा आता. दार धरून उभा राहू नकोस, गिऱ्हाईक थांबलंय मागं.

या ताई, या. बसा. किती नंबर?