तेवीस वेळा छान

(शाळा सुटलेली. सातवीचा रिकामा वर्ग. फळ्यावर अजून बसच्या वेळापत्रकाचा तक्ता लटकतो आहे. मागच्या बाकावर दोघी, मधे पाठांची वही.)

वहिनी: तेवीस.

नणंद: काय तेवीस?

वहिनी: पस्तीस मिनिटांत तेवीस वेळा ‘छान’ म्हणालात. हे बघा, समासात रेघा मारल्यात मी. पाच-पाचचे चार गट आणि वर तीन.

नणंद: मुलं उत्तरं देत होती, मी शाबासकी देत होते. त्यात मोजायचं काय?

वहिनी: तेवीसपैकी सात उत्तरं चुकीची होती.

नणंद: म्हणून ‘असमाधानकारक’? अख्ख्या पाठाला? तो तक्ता दिसला का तुम्हाला? दोन दिवस बसून काढलाय.

वहिनी: तक्ता चांगला आहे. तसं लिहिलंय. वाचा की, पहिलीच ओळ आहे.

नणंद: ‘तक्ता सुबक.’ दोन शब्द. आणि त्याच्याखाली लाल शाईत हे महाभारत.

वहिनी: शेरा लाल शाईतच लिहायचा असतो.

नणंद: वहिनी, अहो, हा विसावा पाठ आहे...

वहिनी: शाळेत वहिनी म्हणायचं नाही. पहिल्या दिवशीच सांगितलंय.

नणंद: बरं. मॅडम. मॅडम, हा माझा विसावा आणि शेवटचा पाठ. शुक्रवारी ही वही बी.एड. कॉलेजात जमा झाली नाही तर वर्ष वाया. आणि मार्चमध्ये माझं वय भरतीतून बाहेर जातं, म्हणजे पुढच्या वर्षीचा प्रश्नच नाही. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. एका सहीचं काम आहे. तुमचं काय जातंय?

वहिनी: माझं काहीच जात नाही. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचं जातं.

नणंद: कुठली मुलगी?

वहिनी: बघा, कुठली म्हणून विचारताय. चष्म्याला दोरी बांधलेली. तिला तुम्ही इंग्रजीत विचारलंत, शहरात जाणारी पहिली बस किती वाजता? तक्त्यावर पावणेआठ होतं. ती म्हणाली सव्वाआठ. तुम्ही काय म्हणालात?

नणंद: आठवत नाही.

वहिनी: ‘छान! खूप छान!’ वर हातावर टाळी दिलीत. तिने वहीत सव्वाआठ लिहिलं आणि खाली पट्टीने रेघ ओढली. उद्या तुमच्या भरवशावर ती पोर सव्वाआठला थांब्यावर जाऊन उभी राहील. बस केव्हाच गेलेली असेल.

नणंद: अहो, बस कागदावरची आहे! तिला चाकंसुद्धा मीच स्केचपेनने काढलीत! आणि मुलं तोंड उघडत होती, इंग्रजीत बोलत होती, ते नाही दिसलं? तुमच्या तासाला उघडतात तोंड? महिनाभर मागे बसून बघितलंय मी. तुम्ही फळ्यावर लिहिता, ती उतरवून घेतात, घंटा होते. टाचणी पडली तर ऐकू येईल.

वहिनी: उतरवून घेतात ते बरोबर असतं.

नणंद: आणि जन्मभर बोलायची वेळ आली की घाम फुटतो त्यांना!

वहिनी: आवाज खाली. पलीकडे मुख्याध्यापकांकडे माणसं बसलीत.

नणंद: बसू देत. आठ वर्षं शिकवलंय मी तिकडे परदेशात. तीन शहरांत. मला वर्ग कसा घ्यायचा ते...

वहिनी: तुमच्या अर्जावर पूर्वानुभवाच्या रकान्यात काय लिहून आलं?

नणंद: हे टोचायला फार आवडतं ना तुम्हाला?

वहिनी: मी विचारलं.

नणंद: निरंक. झालं समाधान? निरंक! आठ वर्षं, हजारभर मुलं, आणि खिडकीतला तो माणूस मान वर न करता म्हणतो, परदेशातले खाजगी क्लास आम्ही धरत नाही. म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी बावीस वर्षांच्या पोरींशेजारी बसून फळा कसा पुसायचा ते शिकतेय. वरून खाली पुसायचा, मॅडम. आडवा नाही. परीक्षेत प्रश्न होता, दोन गुणांना.

वहिनी: बरोबरच आहे. आडवा पुसला की भुकटी पुढच्या बाकावर उडते.

नणंद: देवा! कॉलेजला मी हात जोडून सांगितलं होतं, दुसरी कुठलीही शाळा द्या, ही नको.

वहिनी: मीही सांगितलं होतं. ही बाई नात्यातली आहे, मला देऊ नका. मुख्याध्यापक म्हणाले, मग तर तुम्ही जास्तच कडक राहाल.

नणंद: माणसाची पारख आहे त्यांना.

वहिनी: चुकीचं उत्तर छान का म्हणालात, तेवढं सांगा. मला लिहावं लागेल.

नणंद: लिहा. तिकडे क्लासच्या खोलीला एका बाजूने भिंत नव्हती, काच होती. काचेपलीकडे मुलांच्या आया बसायच्या, ओळीने. आत मुलाचं तोंड पडलं की बाहेर आईचं पडायचं, आणि पुढच्या महिन्यात ते मूल दुसऱ्या क्लासला. मालक रोज संध्याकाळी विचारायचा, आज कोणाला नाही म्हणालात? ‘चूक’ हा शब्दच बाद होता तिथे. पहिल्या वर्षी मला जड गेलं. नंतर जीभ आपोआप वळायला लागली. कोणी काहीही म्हणो, छान.

वहिनी: इथे काच नाही. इथे कोणाची आई बसलेली नाही. इथे मुलांशी खोटं बोलायचं काही कारण नाही.

नणंद: खोटं?

वहिनी: दुसरा शब्द सुचत असेल तर सांगा, तो लिहिते.

नणंद: खोट्याबद्दल तुम्ही मला शिकवताय? तुम्ही?

वहिनी: विषय पाठाचा आहे.

नणंद: नाही, आता विषय माझा. दर रविवारी फोन करायचे मी. दर रविवारी! वहिनी, आई कशी आहे? ‘छान आहे.’ जेवते का? ‘छान जेवतात.’ फोन द्या ना तिला. ‘आत्ताच डोळा लागलाय, छान झोपल्यात.’ दोन वर्षं, वहिनी! मी पण समासात रेघा मारायला हव्या होत्या. वही पुरली नसती!

वहिनी: हळू बोला म्हटलं ना.

नणंद: पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं मी. घाई कशाला, आई छान आहे! आले तेव्हा तिची खाटसुद्धा उचलून झाली होती. मी सव्वाआठलाच पोचले ना? मला कोणी सांगितलं होतं सव्वाआठ?

मावशी: बाई, कुलूप लावायचंय वो. सहा वर्ग झाडून झाले, ह्योच राहिलाय. तुमचं अजून चाललंय का भांडण?

वहिनी: भांडण नाही, मावशी. पाठाची चर्चा आहे.

मावशी: चर्चा जिन्याखालपर्यंत ऐकू येतीय. मला काय, तुमचं चालू द्या, मी कडेकडेनं झाडते. पाय उचला नव्या बाई. खडू किती सांडलाय! तक्ता झ्याक काढलाय पण. मी म्हटलं, खरंच नवी बस सुरू झाली का काय.

नणंद: बघा. मावशींना कळलं.

मावशी: तुमच्या नणंदबाई ना ह्या? परदेशातल्या? तोंडावळा सासूबाईंचा आहे हं. हनुवटी तर तीच.

नणंद: तुम्ही आईला कुठे बघितलंत, मावशी?

मावशी: बघितलं म्हणजे काय, ह्या बाईंना एकदा ताप भरलेला, तर मधल्या सुट्टीत मीच गेले होते भरवायला. एरवी ह्याच पळायच्या. घंटा झाली की चप्पल घालायची नि सुसाट. अर्ध्या तासात जाऊन, भरवून, पुसून, कपडे बदलून परत वर्गावर. दोन वर्षं ह्या बाईंनी मधल्या सुट्टीत घास खाल्लेला मी बघितला नाही. डबा तसाच घरी न्यायच्या. मीच बोलायचे, अहो बाई...

वहिनी: मावशी, किल्ली ठेवा इथे. मी लावते कुलूप.

मावशी: वरची कडी घट्ट आहे. जरा दाबून...

वहिनी: माहीत आहे मला. बावीस वर्षं आहे मी इथे.

मावशी: बरं बरं. जाते. खिडक्या तेवढ्या बघा.

नणंद: गेल्या.

वहिनी: हं.

नणंद: भरवायला का लागायचं? हात तर चांगले होते तिचे. माझ्याशी बोलताना तुम्ही म्हणायचात, भाजी निवडत बसल्यात.

वहिनी: वही घ्या आणि निघा. उशीर झालाय.

नणंद: नाही निघणार. सही नको मला. आधी हे सांगा. का केलंत असं?

वहिनी: पहिले सहा महिने त्यांनी सांगितलं म्हणून. हात थरथरायला लागले तेव्हा मला म्हणाल्या, तिला कळवू नकोस, तिकडे एकटी आहे, जीव टांगणीला लागेल तिचा.

नणंद: आणि नंतर?

वहिनी: नंतर माझ्या मर्जीने.

नणंद: म्हणजे?

वहिनी: म्हणजे मला तू नको होतीस इथे. ऐकायचंय ना? ऐक. तू आली असतीस. दहा दिवस राहिली असतीस, तिकडची चॉकलेटं वाटली असतीस, आईला मिठी मारून रडली असतीस, आणि अकराव्या दिवशी विमानात बसली असतीस. त्या मागे दाराकडे डोळे लावून बसल्या असत्या. ते मला निस्तरायला लागलं असतं. तुझ्या दादाची बदली बाहेरगावी. घरात मी एकटी. मला तेवढं त्राण नव्हतं. म्हणून छान, छान, छान.

नणंद: मी राहिले असते.

वहिनी: राहिली नसतीस.

नणंद: तुम्हाला काय माहीत?

वहिनी: फोनवर एकदा तरी दुसऱ्यांदा विचारलंस? मी छान म्हटलं की तुझा आवाज सुटायचा. लगेच तिकडचं हवामान सांगायला लागायचीस. मी बाई आहे, बावीस वर्षं पोरांची तोंडं वाचतेय. कोणाला उत्तर हवंय आणि कोणाला नुसती शाबासकी, मला आवाजावरून कळतं.

नणंद: फार वाईट आहात तुम्ही, वहिनी.

वहिनी: असेन.

नणंद: हा शेरा त्याचाच सूड आहे ना? आई म्हातारपणी तुमच्या गळ्यात पडली, म्हणून आता माझं हे?

वहिनी: आधी तसंच वाटलं मला. काल रात्रभर ठरवून आले होते, हिला उभी-आडवी धुवायची. पण आज त्या पोरीने पट्टीने रेघ ओढली ना, तेव्हा तू डोळ्यांसमोरून गेलीस. फोनच्या पलीकडची. शेरा त्या रेघेचा आहे. तो मी मागे घेणार नाही. तू रडलीस तरी नाही.

नणंद: मी रडत नाहीये. खडू गेलाय डोळ्यात.

वहिनी: मावशी आडवंच झाडतात.

नणंद: मग? संपलं म्हणायचं माझं?

वहिनी: नियमात शेवटचा पाठ एकदा परत घेता येतो. उद्या पहिला तास माझा आहे. तो तू घे. हाच वर्ग, हाच तक्ता.

नणंद: आणि उद्याही तुम्हाला पटला नाही तर?

वहिनी: तर नापास.

नणंद: निदान स्पष्ट बोलता.

वहिनी: आज सुरुवात केली.

नणंद: त्या मुलीला काय सांगू पण? खरंच विचारतेय. आठ वर्षांत कोणाला चूक म्हणालेच नाही मी. कसं म्हणतात तेही विसरले. तोंड पडेल तिचं.

वहिनी: पडेल. पडू दे. तू तेव्हा टेबलामागे जाऊ नकोस, तिच्या बाकापाशी थांब. बोट धरून तक्त्यावरची ओळ परत वाचून घे. बास, एवढंच आहे ते. आणि टाळी नंतर दे, उत्तर बरोबर आल्यावर. ती टाळी चांगली होती.

नणंद: हे लिहिलंत का शेऱ्यात?

वहिनी: नाही. ते उद्या बघू.

नणंद: वहिनी.

वहिनी: काय आता? खिडक्या लाव त्या बाजूच्या.

नणंद: लावते. मला एक परत विचारायचंय. दुसऱ्यांदा. आई शेवटी कशी होती? आणि छान म्हणू नका.

वहिनी: चालता येत नव्हतं. चमचा ओठापर्यंत जायचा नाही. शेवटचे पाच महिने माणसं ओळखत नव्हत्या. तुझ्या दादाला डॉक्टर समजायच्या.

नणंद: आणि तुम्हाला?

वहिनी: मला तू समजायच्या. मधल्या सुट्टीत मी दार उघडलं की तुझ्या नावाने हाक मारायच्या. म्हणायच्या, आलीस? दमली असशील, लांबून आलीस.

नणंद: मग तुम्ही सांगायचात ना तिला, चुकताय म्हणून?

वहिनी: नाही. मी ओ द्यायचे.