चौथ्या बाजूचा चर

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी मनगटाला पट्टा बांधलेल्या एक बाई आणि त्यांची मुलगी.

"आई, खरं सांग. गेम खेळून हात दुखावून घेतलास ना?"

"खेळून नाही, खणून. गेममधली ती जांभळी कीड तुझ्या बाबांनी त्यात बांधलेल्या घराच्या कुंपणापर्यंत आली. गवत खाल्लं, झाडं खाल्ली."

"पण त्यांनी घर बांधलं तेव्हा ती पार टोकाला होती."

"हो ना! आणि मी तर काही करतही नव्हते. ते गेल्यापासून मी रोज नुसता गेम लावायचे आणि त्या घरातले दिवे बघत बसायचे."

"अगं, तिथेच चुकलं! गेम चालू असेल तरच ती पसरते."

"म्हणजे मीच तिला वाट दिली?"

"आता उघडूच नकोस. बंद ठेवलास तर घर आहे तसं राहील, कायमचं."

"आणि मी ते बघायचं कधी?"

"आई, जपायचंय ना ते?"

"जपायला ते काय भिंतीवरचा फोटो आहे? घर आहे ते. त्यात दिवे लागलेच पाहिजेत. भोवती सहा चौकोन रुंद चर खणायचा, खोल. मातीच नसली तर ती कीड ओलांडणार कशावरून? तीन बाजू झाल्यात, चौथी उरलीय."

"आणि डॉक्टर म्हणाले, महिनाभर हा हात हलवायचा नाही, तर?"

"नाही हलवणार. दुसरा काय शोभेला दिलाय?"