बोटीतून दिसलेला मळा

जर्मनीतल्या कोखेमहून निघालेल्या बोटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती.

"जन्म मोझेल नदीच्या काठावर गेला, पण या पर्यटकांच्या बोटीत कधी पाय ठेवला नाही. कशाला आणलंस गं, उल्रिके?"

"आधी वाईन घ्या, बाबा."

"ही वाईन? यापेक्षा नदीचं पाणी बरं."

"आता वळण येईल."

"म्हणजे आपला मळा येईल. मी तिकडे बघणार नाही. गुडघे गेले, मळा सोडून कोब्लेंझला राहायला गेलो, आता तिथं काटेरी झुडपंच माजली असणार."

"बघा तरी."

"नाही म्हटलं ना!"

"माझ्यासाठी, बाबा."

"...अगं, झुडपं कुठं गेली?"

"काढली. मी आणि तुमच्या जावयानं, मार्टिननं, हिवाळाभर. वसंतात नवी रोपं लावली."

"आणि तुझी कोलोनची नोकरी?"

"सोडली."

"वेडी आहेस! त्या चढावर यंत्र चालत नाही. सगळं पाठीवरून न्यावं लागतं."

"माहितीये. तुमच्या पाठीवर बसूनच वाढलेय मी."

"कुठली द्राक्षं लावलीत?"

"रीसलिंग."

"हं. वरच्या भिंतीपाशी फार दाट लावलीत."

"मग सांगायला या ना."

"चढणार कसा मी?"

"खालून ओरडा. तुमचा आवाज अजून शाबूत आहे."

म्हातारे उठून कठड्याशी गेले. मळा मागे पडेपर्यंत तिथेच उभे राहिले.

"पहिलं पीक कधी?"

"तीनेक वर्षं लागतील."

"तीन वर्षं? म्हणजे त्या डॉक्टरच्या गोळ्या आता घ्याव्याच लागणार."