पिंपळी ते कन्याकुमारी, मुक्काम डाळज

मी, लीलाबाई आप्पासाहेब देवकाते, वय ५८ वर्षे, व्यवसाय शेती (आधी घरकाम लिहिले होते, ते मी बदलून घेतले), राहणार पिंपळी, तालुका बारामती, जिल्हा पुणे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी मुलगा रणजित व सून सुप्रिया यांच्यासोबत राहते. माझ्या मैत्रिणी सारजा व सितारा याही पिंपळीच्याच. सिताराची स्वतःची पिकअप गाडी असून ती त्यातून बारामतीच्या बाजारात भाजी नेते. गाडी ती स्वतः चालवते आणि चांगली चालवते. आम्ही तिघींनी पिकअपने कन्याकुमारीला जायचे, वाटेत जिथे डोंगर, पाणी चांगले दिसेल तिथे ताडपत्री बांधून राहायचे आणि तीन दगडांच्या चुलीवर करून खायचे, असे ठरवले. हा बेत माझा होता. सिताराने मला फूस लावून नेले असे मुलाने तक्रारीत लिहिले आहे, ते साफ खोटे आहे. दिवाळीपासून तिच्या मागे मीच लागले होते.

घरी मी कळसला, माहेरी, भावाकडे चालले असे सांगितले. सारजानेही माहेरच सांगितले. खोटे का बोललात असे हवालदार श्रेया मॅडमनी विचारले. आमच्याकडे बाईमाणूस पिशवी घेऊन निघाले की माहेरी, लग्नाला नाहीतर दवाखान्यात, एवढेच लोकांना ठाऊक. नुसती फिरायला चालले म्हटले असते तर आधी हसले असते, मग कोण सोबत, कशाला, या वयात, असे करत बेत मोडून टाकला असता. सिताराने मात्र घरी खरे सांगितले. तिच्या मुलाने, फारुकने, निघताना चारी टायरची हवा बघून दिली. माझ्या सुनेने पिशवीत लोणच्याची मोठी बरणी घातली आणि माहेरी एवढे लोणचे कशाला, हे विचारले नाही. तिला यातले काहीही माहीत नव्हते, असे ठळक लिहून घ्यावे.

पहिला मुक्काम जवळच करायचा, म्हणजे काय विसरले ते कळते, असे सितारा म्हणाली. म्हणून भिगवण ओलांडून डाळजला, उजनीच्या पाण्याकडेला गाडी लावली. काडेपेटी विसरली होती. ती मासे धरणाऱ्यांकडून मागून आणली व पिठलं-भाकरी केली. पाण्यात गुलाबी पंखांचे रोहित पक्षी उभे होते. असल्या रंगाचे लुगडे आपल्याला आजवर कोणी घेतले नाही, अशी सारजाची तक्रार आहे. ती या जबाबात धरू नये.

मी आजवर झोपले ती माहेरी, सासरी, नाहीतर लग्नघरी. सकाळी कोणाला आधी चहा लागेल याचा विचार न करता आडवी झाले, ती त्या दिवशी पहिल्यांदा. मला फार बरे वाटले.

दरम्यान माझा भाऊ जोतीराम हुरड्याची पिशवी घेऊन मलाच भेटायला कळसहून पिंपळीला गेला. दारात बसून ‘आक्का कुठं हाय’ असे त्याने विचारले आणि सगळे उघडे पडले. माझा फोन बंद होता. तो मीच केला होता. रणजितने गाव पालथे घातले. माणसे जमवून आमच्या विहिरीत गळ टाकला, असे मला इथे आल्यावर समजले. बाई घरात दिसली नाही की आधी विहिरीत बघतात, समुद्राकडे कोणी बघत नाही. याचा मला राग आला. पण विहिरीच्या काठावर उभा असलेला रणजित डोळ्यांपुढे आला, तेव्हा तो राग टिकला नाही. पुढे पोलिसांनी विचारल्यावर फारुकने खरे सांगितले, त्यावरून पोलीस डाळजला आले व आम्हाला गाडीसकट ठाण्यात आणले.

रणजित ठाण्यात आला तेव्हा त्याचा शर्ट उलटा होता. तो म्हणाला, “आई, मला सांगायचं हुतं की.”

मी विचारले, “सांगितलं आसतं तर जाऊ दिलं आसतंस का?”

तो म्हणाला, “न्हाय.”

तो कालपासून जेवला नव्हता. सिताराने गाडीतून डबा आणून त्याच्यापुढे भाकरी ठेवली. ती खाऊन झाल्यावर, फूस लावल्याचे वाक्य काढून टाका, असे त्याने स्वतःच मॅडमना सांगितले. सिताराकडे बघायला मात्र त्याला जमले नाही. तिने त्याला लोणचे पुरले का एवढेच विचारले.

मी हरवले नव्हते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. काडेपेट्या आता दोन घेतल्या आहेत.

वरील मजकूर श्रेया मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी ‘मिळून आलेल्या महिलेस मुलाच्या ताब्यात दिले’ असे टाईप केले होते. तिथे माझ्या सांगण्यावरून ‘स्वतःच्या ताब्यात’ असे केले आहे. मुलाची हरकत आहे का, असे मॅडमना त्याला विचारायचे होते, पण तो इथे नव्हता. खिडकीतून पाहिले तर तो बाहेर पिकअपच्या टायरची हवा बघत होता. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष,
सही (अंगठा नव्हे)
लीलाबाई आप्पासाहेब देवकाते